खडा सापडला, दुखणं नाही

मे महिन्यात एखादा माणूस कंबरेला हात लावून, वाकत वाकत माझ्या दवाखान्याची पायरी चढला, की बाकावर बसलेली माणसंच त्याचं निदान करून टाकतात. "मुतखडा शे." आणि दहातल्या बऱ्याच वेळा ती बरोबर असतात. जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, सगळीकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास. माणूस सकाळी शेतात जातो तो दुपारी उन्हातूनच परततो, मध्ये तांब्याभर पाणी पोटात गेलं तर गेलं. सगळं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते, पिवळीधमक होते, क्षार साचतात आणि खडा धरतो. घराघरात कुळथाचं पाणी आहे, पानफुटीची पानं आहेत, कुणाच्या तरी डबीत पडलेला खडा कापसात जपून ठेवलेला आहे.

मी अमळनेरला २३ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय. सर्जन नाही, युरोलॉजिस्ट नाही. दुखणं घेऊन माणूस सर्वांत आधी ज्या दारात येतो ते माझं दार. त्या दारात बसून जे शिकले, काही वेळा फार महागात शिकले, ते आज लिहितेय. कारण गेल्याच आठवड्यात एका ओळखीच्या घरी ऐकलं, "सोनोग्राफीत खडा निघाला, म्हणजे आता काळजी नाही." ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. मला २०१७ चा मे महिना आठवला आणि मामा आठवले.

माझे थोरले मामा तापीकाठच्या एका गावात शेती करतात. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १८ व्या वर्षापासून बिडी, ब्लडप्रेशरची गोळी चालू, ती मनात आलं तर घेणार. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन पंधरा दिवस झाले होते, लेकी सासरी परतल्या होत्या. पहाटे ५ वाजता मामांच्या डाव्या कुशीत कळ उठली. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कळ कमी झाली. ११ वाजता तालुक्याला सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, डाव्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा खडा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चार मिलिमीटरचा खडा पाणी पिऊन पडून जातो, हे आमच्याकडे शाळेतलं पोरगंही सांगेल.

दुपारी ४ वाजता मामा संडासला गेले आणि तिथेच भोवळ येऊन पडले. मामींचा फोन आला. "ताई, यांना मुतखडा निघालाय, तुम्ही कुळथाचं पाणी द्या म्हणाल का? पण चक्कर कशानं आली असंल?"

मी म्हटलं, पाणी राहू द्या, गाडीत घाला आणि इकडे आणा.

साडेपाचला आले. स्वतःच्या पायांनी चालत आले, मुलाच्या खांद्यावर हात टाकून. टेबलावर झोपवलं. "मामा, कोठे दुखस?" डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाले, "आठे. जांगलोंग जास. काही नई माय, मुतखडाच शे." म्हणजे इथे दुखतं, जांघेपर्यंत जातं. चेहरा पांढरट, कपाळावर घाम, पण घाम त्या दिवशी सगळ्यांच्याच कपाळावर होता. नाडी १०४. ब्लडप्रेशर १०० वर ६०.

शंभर वर साठ हा आकडा कागदावर वाईट दिसत नाही. पण मामांचं प्रेशर मी किती वर्षं मोजत होते. गोळी घेऊन १५०, न घेता १७०. १७० च्या माणसाचं १०० होणं म्हणजे रक्त कुठेतरी जातंय.

मग पोटावर हात ठेवला. बेंबीच्या जरा वर, मध्यापासून किंचित डावीकडे. बारीक माणसाच्या पोटात महाधमनीचे, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या सर्वांत मोठ्या नळीचे, ठोके तसेही लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. म्हणून दोन्ही हातांची बोटं त्या ठोक्याच्या दोन बाजूंना ठेवली आणि वाट पाहिली. नुसता ठोका असेल तर बोटं वर उचलली जातात. माझी बोटं वर जात होती आणि प्रत्येक ठोक्याला एकमेकांपासून लांबही ढकलली जात होती. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. हाताखाली एखाद्या मोठ्या लिंबाएवढं काहीतरी श्वास घेत होतं. ते मला आजही बोटांना आठवतं.

आमच्या गावात एक सोनोग्राफीवाले डॉक्टर आहेत, ते मशीन बंद करून घरी निघाले होते. फोन केला, थांबा म्हटलं. त्यांनी सवयीने आधी किडनीवर प्रोब ठेवला. "खडा आहे, मॅडम. पण अडकलेला नाही, किडनी फुगलेलीही नाही." मी म्हटलं, महाधमनी बघा. त्यांनी प्रोब मध्यावर आणला आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. ही नळी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ च्या वर गेली की तिला फुगा म्हणतात, ॲन्युरिझम. पुरुषात ५.५ झाली की ऑपरेशनचा विचार करतात. मामांची ६.८ होती.

सकाळच्या सोनोग्राफीत हे का दिसलं नाही? मी त्या सेंटरला दोष देत बसत नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं "मुतखडा आहे का पाहा", त्यांनी मुतखडा पाहिला आणि तो होता. चूक चिठ्ठीत होती. आणि तशी चिठ्ठी मी स्वतः किती वेळा लिहिली असेल, ते मला मोजता येणार नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. किडनीत पडून राहिलेला छोटा खडा बहुतेक वेळा दुखत नाही. तो तिथे वर्षानुवर्षं गप्प बसलेला असतो. दुखतं केव्हा, तर तो खाली सरकून मूत्रवाहिनीत अडकतो, लघवी तुंबते, किडनी फुगते आणि तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. पाटचारीत दगड पडला की मागे पाणी चढतं, तसं. म्हणून रिपोर्टमध्ये "खडा आहे" एवढं वाचून थांबायचं नाही. कुठे आहे, किती मोठा आहे आणि मागे किडनी फुगली आहे का, हे तिन्ही वाचायचं. आमच्या भागात शंभर धडधाकट माणसांची सोनोग्राफी केली तरी काहींत खडे निघतील. ज्याचं पोट दुसऱ्याच कारणाने दुखतंय त्याच्याही किडनीत खडा असू शकतो. आणि खडा सापडला की आपण सगळे, डॉक्टरसुद्धा, शोधणं थांबवतो.

लघवीची तपासणीही फसवते. खड्याच्या काही रुग्णांत लघवीत रक्त सापडतच नाही, आणि फुटू पाहणाऱ्या महाधमनीच्या काही रुग्णांत ते सापडतं. म्हणून साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा "मुतखड्याची" कळ आली, त्यातून तो बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर महाधमनी पाहिल्याशिवाय मी त्याला घरी जाऊ देत नाही. त्याला फार तर दोन मिनिटं लागतात.

मामांना धुळ्याला नेलं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की फुग्याला मागच्या डाव्या बाजूने चीर गेली आहे आणि रक्त पोटाच्या मागच्या भिंतीत साचलं आहे. तिथल्या मांसाने आणि चरबीने ते तात्पुरतं दाबून धरलं होतं, म्हणून मामा जिवंत होते. पुढच्या पोकळीत फुटलं असतं तर संडासातून बाहेर काढायला वेळच मिळाला नसता. जांघेतून जाळी बसवणारे सर्जन नाशिकला होते. फोन झाला, रक्ताच्या बाटल्या घेतल्या आणि रात्री ९ ला ॲम्ब्युलन्स निघाली. मी सोबत बसले.

धुळे ते नाशिक, मुंबई-आग्रा महामार्ग. मालेगाव सोडलं तेव्हा प्रेशर ८६ झालं. ॲम्ब्युलन्सवरचा मदतनीस मुलगा चांगला होता, शिकलेला होता. त्याने सलाईनचं चाक पूर्ण उघडायला हात नेला, मी त्याचा हात धरला. प्रेशर कमी दिसलं की सलाईन धो धो सोडायची, ही आपल्या सगळ्यांची सवय. पण इथे रक्ताच्या गुठळीने भोक बुजलेलं असतं. प्रेशर वर चढवलं की ती गुठळी उडते, आणि सलाईनने रक्त पातळ होऊन पुन्हा गोठतही नाही. माणूस शुद्धीत आहे, बोलतोय, मनगटाला नाडी लागतेय, तोवर ८०-९० पुरे. सर्जननेही फोनवर तेच सांगितलं. म्हणून मामांना बोलतं ठेवणं हेच माझं काम होतं. राहुड घाटात गाडी वळणं घेत होती आणि मामा मला सांगत होते की यंदा अखजीला निंबाला झोका बांधायला दोर जुना निघाला, लेकीबाळी पडल्या असत्या, नवा आणला पाहिजे होता. मी विचारत राहिले, किती हात दोर, कुठून आणला, कोणी बांधला. मनगट सोडलं नाही.

रात्री साडेबाराला ते ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. दोन्ही जांघांतून तारा घालून फुग्याच्या आत कापडी अस्तर असलेली जाळीची नळी बसवली. मामा वाचले. पैसे काही लाख लागले आणि बांधावरचा एक तुकडा गेला, त्याचं मामांना अजून वाईट वाटतं. एवढं सांगते की सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही. महाधमनी फुटलेल्यांपैकी बरेच जण दवाखाना पाहतच नाहीत. आइनस्टाइनलाही हाच फुगा होता. १९४८ मध्ये पोट उघडलं, फुगा सापडला, तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून सर्जनने त्याच्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्यावर ते सहा वर्षांहून जास्त जगले, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला.

आता माझी चूक.

२०११ मधली. गावात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, तेव्हा बेचाळिशीच्या होत्या, मधुमेह होता. दोन दिवस उजवी कूस दुखत होती. ताप १०१. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत ८ मिलिमीटरचा खडा अडकलेला, किडनी फुगलेली. इथे खडाच कारण होता, निदान बरोबर होतं. मी अँटिबायोटिक दिलं, वेदनाशामक दिलं आणि सांगितलं की गुरुवारी युरोलॉजिस्ट येतात, तेव्हा दाखवू. त्या दिवशी मंगळवार होता.

पहाटे ४ वाजता त्यांच्या नवऱ्याने दार वाजवलं. ताईंना हुडहुडी भरून गेली होती, आता अंग गार पडलं होतं, असंबद्ध बोलत होत्या. प्रेशर ७०. तुंबलेल्या किडनीत पू झाला होता आणि जंतू रक्तात उतरले होते.

मी तेव्हा जे धरून चालले होते ते असं, की अँटिबायोटिक जाईल, जंतू मरतील, दोन दिवसांनी खडा काढू. पण लघवीच अडलेली असेल तर किडनी औषध त्या जागी नीट पोचवू शकत नाही. गळवावर नुसत्या गोळ्या खाऊन चालत नाही, फोडून पू काढावाच लागतो. ताप आणि अडकलेला खडा एकत्र आले की त्याच दिवशी, त्याच रात्री वाट मोकळी करावी लागते. एकतर लघवीच्या मार्गाने वर डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी, घालायचा, नाहीतर पाठीतून सुई घालून किडनीत नळी टाकायची. खड्याला तेव्हा हातही लावायचा नाही, तो नंतर. त्यातून मधुमेह असेल, गरोदर असेल, एकच किडनी असेल, तर एक तासही फुकट घालवायचा नाही.

धुळ्याला नेल्यावर पाठीतून नळी टाकली. पांढरा, घट्ट पू निघाला. बारा दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. प्रेशर टिकवायला जी औषधं द्यावी लागली, त्यांनी हातापायांच्या टोकांचं रक्त आटलं. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली आणि काढावी लागली. त्या वाचल्या. सहा आठवड्यांनी खडाही निघाला.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले आणि सांगितलं, ताई, मंगळवारीच तुम्हाला पाठवायला हवं होतं, चूक माझी झाली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मशीनचा पाय मारता येत नाही." दुसऱ्या दिवशी मी मशीनला मोटर बसवून दिली. त्याने काही भरून निघत नाही हे मला कळतं. माझे ब्लाउज आजही त्याच शिवतात. मोटरचा आवाज ऐकला की मला ती मंगळवारची चिठ्ठी दिसते.

तेव्हापासून कूस दुखणाऱ्या प्रत्येकाचा ताप मी स्वतः मोजते. "ताप आहे का" असं विचारत नाही. क्रोसिन खाऊन आलेला माणूस नाही म्हणतो आणि तो खरंच बोलत असतो. थर्मामीटर लावते, मग गेल्या चोवीस तासांत हुडहुडी भरली होती का ते विचारते, मग बाकीचं.

पोट दुखतंय म्हणून येणाऱ्या माणसाचं पोटच दुखत असतं असंही नाही. तेरा वर्षांचा एक मुलगा, आई सांगतेय पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्या, काल लग्नाचं जेवण झालं होतं. मुलगा खाली मान घालून. मी आईला म्हटलं, जरा बाहेर बसता का. दार लोटल्यावर विचारलं, बाळा, खाली दुखतंय का? त्याने मान हलवली आणि रडायला लागला. उजवं वृषण वर चढलेलं, आडवं झालेलं, हात लावू देईना. आतल्या आत पीळ पडतो आणि रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर ते बहुतेक वेळा वाचतं, बारा-चोवीस तास गेले तर बहुतेक वेळा काढावंच लागतं. दुखायला लागून चार तास झाले होते. सोनोग्राफीचीही वाट न पाहता सर्जनकडे धाडला. वाचलं. या वयाची मुलं लाजतात, आईला सांगत नाहीत, पोट म्हणतात. ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनी त्यांना हे आधीच सांगून ठेवा. अशा ठिकाणी दुखलं तर रात्री २ वाजतासुद्धा उठव, कुणी रागावणार नाही.

आणि पावसाळ्यातलं पोट. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे कुणी पोटदुखी आणि उलट्या घेऊन आलं, तर मी आधी विचारते, रात्री कुठे झोपला होता? खाली की खाटेवर? घरात की शेतात राखणीला? कारण मण्यार रात्री चावते, झोपेत चावते, तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखत नाही, सूज येत नाही. पहिलं लक्षण म्हणून पुष्कळदा पोटातच कळ येते. पारोळ्याकडची १९ वर्षांची एक मुलगी अशीच आली होती. घरच्यांना वाटलं शिळं खाल्लं. मी तिच्याशी बोलत असताना तिच्या पापण्या खाली येत होत्या, आई म्हणत होती, रातभर झोपली नाही म्हणून झोप येतेय. मी म्हटलं, वर बघ. तिने भुवया उचलल्या, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या उघडल्या नाहीत. ती झोप नव्हती. सर्पविषाच्या प्रतिलसीच्या दहा कुप्या चालू केल्या आणि श्वास बंद पडायच्या आत व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोचवलं. तीन दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आता दोन मुलांची आई आहे. बेंबी सरकली म्हणून पोट चोळत घरीच ठेवली असती तर काय झालं असतं, हे लिहायला नको.

बेंबी सरकण्याचं निघालंच आहे तर मनापासून हात जोडून सांगते, दुखरं पोट चोळू नका. एरंडेल पाजू नका. अपेंडिक्स सुजलेलं असलं तर दुखणं आधी बेंबीभोवती असतं, मग काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं. लोकांना वाटतं चोळल्याने जागा बदलली. जागा आजाराने बदललेली असते.

बायकांच्या बाबतीत माझा एक नियम आहे आणि त्यावरून कुणी नाराज झालं तरी मी तो मोडत नाही. पाळी येणाऱ्या वयातली कुणीही पोटदुखी घेऊन आली, की लघवीची गर्भाची चाचणी करायचीच. "डॉक्टरीणबाई, ऑपरेशन झालंय माझं," हे उत्तर मला पाठ आहे. नसबंदीनंतर दिवस राहणं दुर्मिळ, पण राहिलेच तर ते गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहण्याची शक्यता जास्त. नळी फुटली की पोटात रक्त भरतं. मला आठवतं, एक बाई खांदा दुखतो म्हणत होती. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यावर उमटतं. चाचणीची पट्टी पन्नास रुपयांची, पाच मिनिटांत उत्तर.

सातपुड्याच्या पायथ्याची माणसं आमच्याकडेही येतात, चोपड्याच्या वरच्या अंगाची, कधी पार धडगावकडची. पावरा, भिल्ल समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. एका तरुण मुलाला तीनदा "मुतखडा पडून गेला" असं सांगितलं गेलं होतं, कारण कूस दुखून लाल लघवी व्हायची. खडा कुणी पाहिला नव्हता. सिकलसेलमध्ये किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, तिथलं मांस झडतं आणि नेमकं असंच दिसतं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी करून कार्ड देतात. ते कार्ड घरात असेल तर डॉक्टरपुढे आधी ते ठेवा, मग दुखणं सांगा.

बाकी कितीतरी राहतं. वरच्या पोटात जळजळ, दडपल्यासारखं, घाम, "गॅस झालाय" म्हणणारा पन्नाशीचा माणूस. त्याचा इसीजी आधी, अँटासिड नंतर. दारूनंतर किंवा पित्ताशयातल्या खड्यामुळे स्वादुपिंड सुजलेला, जो पाठीपर्यंत जाणाऱ्या कळेने पुढे वाकून बसतो. मेडिकलवरून कंबरदुखीच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणारा, ज्याच्या जठराला एक दिवस भोक पडतं आणि पोट पाट्यासारखं घट्ट होतं. उभा एक्सरे काढला की यकृताच्या वर हवेची काळी चंद्रकोर दिसते. आणि सत्तरीची, हृदयाचे ठोके अनियमित असलेली आजी, जी कळवळते आहे पण पोट मात्र मऊ. तिथे आतड्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडलेली असू शकते, आणि "पोट मऊ आहे" म्हणून धीर देणारा डॉक्टर तिला गमावतो.

टेबलावर झोपवल्यावर मी पहिली दोन मिनिटं नुसतं बघते. खड्याचा माणूस स्वस्थ पडत नाही, उठतो, बसतो, गुडघ्यावर येतो, भिंतीला डोकं टेकतो. पोटाच्या आवरणाला सूज आलेला माणूस हलत नाही, खाट हलली तरी ओरडतो. "येताना गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा दुखलं का?" हा प्रश्न मी हमखास विचारते. तो हो म्हणाला तर आत काहीतरी सुजलंय किंवा फुटलंय असं धरून चालते.

वेदनाशामकाबद्दलही सांगते. दुखणं थांबवलं तर निदान लपतं, म्हणून कळवळणाऱ्या माणसाला तसंच ठेवायचं, असं आम्हाला शिकताना सांगितलं गेलं होतं. ते आता कुणी मानत नाही. माणसाला आराम द्या, शांत झालेल्या पोटावर हात उलट जास्त नीट ठेवता येतो. किडनी आधीच अशक्त असेल किंवा वय झालेलं असेल तर डायक्लोफेनॅक टाळून दुसरं काही द्यावं लागतं, एवढंच. घात होतो तो त्या इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून घरी जाण्यात. मामांना सकाळच्या इंजेक्शनने बरं वाटलंच होतं.

मामांचं पुढे. ते दरवर्षी जाळी जागेवर आहे का, कुठून गळत नाही ना, ते बघायला येतात. बिडी सुटली. पहिल्या वर्षी नाशिकच्या सर्जननी सांगितलं होतं की हे सख्ख्या भावंडांत चालतं, भावांचीही तपासणी करा. धाकटे मामा दोन वर्षं टाळत होते. "माले काय व्हयेल शे? माले काहीच दुखत नई." त्यांना कसं सांगू की हा फुगा बहुतेक वेळा फुटेपर्यंत दुखतच नाही. शेवटी थोरल्या मामांनीच त्यांना गाडीत घालून आणलं आणि स्वतः टेबलाशी उभे राहिले.

४.१ सेंटिमीटर निघाला.

या आकाराला ऑपरेशन लागत नाही. प्रेशरची गोळी रोज, बिडी बंद, आणि वर्षातून एकदा मोजायचा. गेल्या वर्षी ४.३ झाला होता. बिडी अजून पूर्ण सुटलेली नाही, दोन-तीन चालूच आहेत, मामी मला चोरून फोन करून सांगतात. पुढची सोनोग्राफी पोळ्यानंतरच्या सोमवारी ठरली आहे. चिठ्ठी मी आत्ताच लिहून ठेवलीय. "महाधमनी मोजणे" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात.